तान्ह्याची दुखणी : कोठे थांबावे, कोठे धावावे

घरात तान्हे मूल आले की त्याच्या मागोमाग दोन पाहुणे न बोलावता येतात. एक भीती आणि दुसरा सल्ला. भीती आईबापांच्या उशाशी बसते आणि सल्ला शेजारपाजारच्या दारांतून आत येतो. बाळाच्या गालावर चार लाल ठिपके दिसले की एकजण म्हणते 'उष्णता झाली', दुसरी म्हणते 'दृष्ट लागली', तिसरी म्हणते 'दात येताहेत'. हातातल्या फोनला विचारावे, तर तो त्याच चार ठिपक्यांची वीस नावे सांगतो आणि त्यांतली पंधरा झोप उडविणारी असतात. या साऱ्या गलबल्यात आईबापांना खरोखर हवे असते ते एकाच प्रश्नाचे उत्तर. थांबावे की धावावे?

आम्ही उभयता डॉक्टर नाही. दोन मुलांचे आईबाप आहोत, एवढाच आमचा अधिकार. परंतु दोन मुलांची पहिली दोन-दोन वर्षे काढताना जे पाहिले, डॉक्टरांना विचारले, वाचून पडताळले, ते एका ठिकाणी मांडावे असे वाटले. हे निवेदन डॉक्टरांच्या जागी ठेवण्यासाठी नाही. डॉक्टरांकडे केव्हा जावे आणि गेल्यावर काय सांगावे, हे आईबापांना कळावे यासाठी आहे. उगाच धावणाऱ्यांचे पैसे जातात, झोप जाते आणि मुलाच्या पोटात नको ती औषधे जातात. न धावणाऱ्यांचे काय जाते, ते बोलून दाखविण्याची गरज नाही.

प्रथम कातडीपासून आरंभ करू, कारण सर्वांची नजर आधी तेथेच जाते. आईच्या पोटात नऊ महिने पाण्यात राहिलेली कातडी एकदम हवेत, कपड्यांत आणि घामात येते. तिने थोडा गोंधळ घातला तर नवल नाही. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुष्कळ बाळांच्या अंगावर लाल चट्टे उठतात आणि त्यांच्या मधोमध पिवळसर पांढरा बारीक फोड दिसतो. दिसावयास हे पुरळ भयानक, पण स्वभावाने अगदी निरुपद्रवी. आठवड्या-दोन आठवड्यांत ते आपले आपण जाते. नाकाच्या शेंड्यावरचे मोत्यासारखे पांढरे दाणे त्याच जातीचे. ते दाबून फोडावयाचे नसतात. आपल्याकडील बऱ्याच बाळांच्या कमरेखाली निळसर राखी डाग असतो. तो मार लागल्याचा नव्हे. कातडीच्या खोल थरात रंगद्रव्याच्या पेशी राहिल्या की वरून तो रंग निळा दिसतो आणि काही वर्षांत फिकट होत जातो. आमच्या थोरलीचा हा डाग पाहून एका नातलगांनी सुईणीला दोष दिला होता. बिचाऱ्या बाईचा त्यात काडीइतका संबंध नव्हता.

उन्हाळ्यात जन्मलेल्या मुलाला घामोळे ठरलेलेच. घाम बाहेर पडण्याच्या नळ्या तोंडाशी बंद झाल्या की घाम आतच अडकतो व बारीक लाल पुरळ उठते. मान, काख, पाठ ही त्याची आवडती ठिकाणे. याला औषध म्हणजे हवा. चैत्र-वैशाखात कुंची, टोपरे, पायमोजे व वर दुपटे असा सरंजाम बाळावर चढविण्याची काही गरज नसते. एक पातळ सुती झबले पुरे. पावडर मात्र टाळावी. तिचा भुगा श्वासाबरोबर बाळाच्या छातीत जातो आणि घामाशी मिसळून तीच घामाची वाट अडविते.

लंगोटाखालच्या पुरळात दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. ओली लंगोट फार वेळ राहिली की लघवी व शी यांनी कातडी पोळते. जेथे लंगोट घासते तो फुगीर भाग लाल होतो, पण जांघेची घडी बहुधा वाचते. यावर उपाय असा : लंगोट वारंवार बदलावी, कोमट पाण्याने धुऊन टिपून कोरडे करावे, दिवसातून काही वेळ बाळाला उघडेच लोळू द्यावे आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाड थर लावावा. दोन-तीन दिवसांत फरक पडतो. न पडल्यास, लाली घडीच्या आत शिरल्यास व तिच्याभोवती सुटे सुटे लाल ठिपके दिसल्यास ती बुरशी समजावी. तिला डॉक्टरांनी दिलेले बुरशीनाशक मलमच लागते. घरात मोठ्यांसाठी आणलेले खाजेचे मलम येथे कदापि लावू नये. अशा मलमांत पुष्कळदा तीव्र स्टिरॉइड असते आणि बाळाची पातळ कातडी ते चटकन शोषून घेते.

टाळूवर पिवळसर, तेलकट खपली धरते ती आई नीट न्हाऊ घालत नाही म्हणून नव्हे. थोडे तेल लावून ती मऊ करावी, मऊ ब्रशने हलकेच सोडवावी व डोके धुवावे. नखाने खरवडू नये. गाल, कोपर आणि गुडघ्याच्या घड्या कोरड्या, खरखरीत होऊन बाळ रात्री खाजवू लागले तर ते इसब असण्याचा संभव असतो. याचे मूळ कातडीच्या कोरडेपणात आहे. म्हणून स्नान थोडक्यात व कोमट पाण्याने आटोपावे, डाळीच्या पिठाने चोळणे बंद करावे आणि अंग ओलसर असतानाच बिनवासाचे घट्ट मलम लावावे. मात्र खाज रात्री वाढत असेल, बाळाच्या तळहात-तळपायांवर फोड असतील आणि घरातील इतरही खाजवीत असतील, तर ती खरूज असते. तेव्हा एकट्या बाळाला औषध लावून भागत नाही. साऱ्या घराने एकाच वेळी लावावे लागते.

आता तापाबरोबर येणारे पुरळ. याविषयी मराठी घरांत एक जुनी आणि समजण्याजोगी भीती आहे. आपल्या भाषेत 'देवी', 'गोवर' व 'कांजिण्या' ही नावे शेजारी शेजारी नांदली. पैकी देवींनी पिढ्यान् पिढ्या मुले नेली, चेहरे विद्रूप केले, डोळे घालविले. लोकांनी त्या रोगाला देवता मानून नमस्कार केला, कारण दुसरे काही हातात नव्हते. पुढे लस आली आणि तिलाच 'देवी काढणे' असे नाव पडले. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला व १९८० साली हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. तेव्हा आज अंगावर फोड आले म्हणून 'देवी आल्या' असे म्हणण्यास जागा उरलेली नाही.

गोवर मात्र गेलेला नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत व आसपास गोवराची साथ आली आणि तीत बालके दगावली. गोवराची चाल अशी असते : आधी तीन-चार दिवस ताप, खोकला, वाहते नाक व लाल डोळे, मग कानामागून आणि कपाळावरून पुरळ सुरू होते व चेहऱ्यावरून खाली उतरते. 'गोवर बाहेर पडू द्यावा, औषध देऊ नये' ही समजूत घातक आहे. गोवर स्वतः जितका मारतो त्याहून त्याच्या मागून येणारे न्यूमोनिया व जुलाब अधिक मारतात. गोवर झालेल्या मुलाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली लागोपाठ दोन दिवस अ जीवनसत्त्वाचा डोस देतात. त्याने डोळे व प्राण दोन्ही वाचण्यास मदत होते. कांजिण्यांची तऱ्हा वेगळी. तेथे फोड पाण्याच्या थेंबासारखे असतात आणि टप्प्याटप्प्याने येतात, म्हणून एकाच वेळी ठिपका, फोड व खपली अशी तिन्ही रूपे अंगावर दिसतात. शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत मुलाने घरीच राहावे.

याखेरीज दोन पाहुणे लहान मुलांकडे वारंवार येतात, पण मराठीत त्यांना घरगुती नावे नाहीत. एक असा की सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलाला तीन ते पाच दिवस चांगला सडकून ताप येतो, घर हवालदिल होते, मग ताप उतरतो व उतरल्यावर छाती-पोटावर गुलाबी पुरळ उठते. पुरळ उठले म्हणजे रोग वाढला असे वाटते. खरी गोष्ट उलट आहे. ते पुरळ म्हणजे पाहुण्याने निरोप घेतल्याची खूण. दुसऱ्यात मुख्यतः हात, पाय आणि तोंड या ठिकाणी फोड येतात. मूल लाळ गाळते, खात नाही. हाही बहुधा आठवडा-दहा दिवसांत बरा होतो. मुख्य काळजी एवढीच की तोंड दुखते म्हणून मूल पाणी सोडू नये.

सगळ्या पुरळांसाठी एक परीक्षा मात्र प्रत्येक घराने पाठ करून ठेवावी. काचेचा स्वच्छ पेला पुरळावर दाबून धरावा. बहुतेक पुरळ काचेखाली फिके पडते. ताप आहे आणि ठिपके लाल-जांभळे असून काचेखाली मुळीच फिके पडत नाहीत, तर रक्त कातडीखाली उतरलेले असते. मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग किंवा डेंग्यूसारखा आजार यामागे असू शकतो. तेव्हा सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. उलट, ठिपके फिके पडले म्हणजे निर्धास्त झालो असेही नाही. मूल मलूल असेल तर जावयाचेच.

आता तापाकडे वळू. ताप हा रोग नव्हे. रोगाशी चाललेल्या झुंजीची ती ऊब आहे. म्हणून पाऱ्याचा आकडा खाली आणणे हे ध्येय नसून मुलाला आराम पडणे हे ध्येय असते. परंतु या नियमाला वयाचा एक कडक अपवाद आहे. दोन महिन्यांच्या आतील बाळ गुंडाळलेले नसताना त्याच्या काखेतले तापमान ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेले, किंवा याउलट अंग गार पडले, तर ते दुखणे घरी सांभाळावयाचे नसते. तीन महिन्यांपर्यंतच्या बाळाचा ताप १००.४ ला पोहोचला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. इतक्या लहान वयात गंभीर जंतुसंसर्ग असूनही बाळ दुसरे काही लक्षण दाखवीत नाही. आमची थोरली सात आठवड्यांची असताना तिला रात्री साडेअकराला १००.८ ताप भरला. ती दिसावयास ठीक होती. दूधही पीत होती. तरी आम्ही रिक्षा करून निघालो. तपासणीत लघवीच्या मार्गाचा संसर्ग निघाला व चार दिवस शिरेतून औषध द्यावे लागले. शेजारी म्हणत होते की सकाळी जा. नियम माहीत होता, म्हणून वाद घालण्यात वेळ गेला नाही.

तापाच्या औषधात पॅरासिटामॉल हे ओळखीचे. त्याची मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते. दर किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि चोवीस तासांत चारांहून अधिक मात्रा नाहीत. पण खरा सापळा बाटलीत आहे. थेंबांच्या छोट्या बाटलीत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते. सिरपच्या मोठ्या बाटलीत पाच मिलिलिटरला १२० किंवा १२५, तर काहींत २५० मिलिग्रॅम असते. आठ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅमवर जाता येत नाही. कोणी सिरपच्या हिशेबाने थेंबांच्या बाटलीतले पाच मिलिलिटर पाजले, तर ५०० मिलिग्रॅम पोटात गेले. यकृताला एवढा अन्याय सोसत नाही. म्हणून घरात एकच बाटली ठेवावी, तिच्याबरोबर आलेलेच माप वापरावे आणि दिलेली वेळ कागदावर लिहावी. अॅस्पिरिन मुलांना देऊ नये. फ्लू किंवा कांजिण्यांत ते दिल्यास यकृत व मेंदू यांवर घाला घालणारा एक दुर्मीळ आजार उद्भवू शकतो. त्याचे वर्णन १९६३ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. रे यांनी केले.

तापात आकडी आली की घरातील धैर्य एका क्षणात कोसळते. सहा महिने ते पाच वर्षे या वयात शंभरांतील दोन ते पाच मुलांना तापाची आकडी येते आणि ती बहुधा पाच मिनिटांच्या आत थांबते. अशा वेळी मुलाला कुशीवर करावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात व घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी काहीही घालू नये. कांदा किंवा वहाण हुंगवून आकडी थांबत नाही. ती थांबावयाचीच असते, श्रेय मात्र वहाणेला जाते. पहिली आकडी थांबल्यावरही डॉक्टरांना दाखवावे. पाच मिनिटांत न थांबल्यास लगेच रुग्णालयात न्यावे.

पडसे ही तर मुलांची वहिवाटच. वर्षाला सहा-आठ पडशी होणे हे अशक्तपणाचे लक्षण नसून शरीराच्या शिक्षणाचा भाग आहे. पडसे विषाणूंमुळे होते. त्यांच्यावर प्रतिजैविकांचा परिणाम होत नाही. नाक चोंदले तर मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब घालावेत, म्हणजे बाळाला दूध ओढता येते. एक वर्षाच्या आत मध चाटवू नये. मधातील जंतूंच्या बीजांनी तान्ह्याच्या आतड्यात विष तयार होऊन अंग लुळे पडू शकते. खोकल्याच्या सिरपांविषयी तर आता मौन पाळणे योग्य नाही. २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात दूषित सिरपांनी मुलांचे मूत्रपिंड निकामी होऊन मृत्यू झाले. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य संचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सामान्यतः देऊ नयेत, असे कळविले. शुद्ध सिरपानेसुद्धा तान्ह्याचा खोकला लवकर बरा होत नाही, मग हा धोका पत्करावा कशाला?

खोकल्यात पाहावयाचे ते खोकल्याच्या आवाजाकडे नव्हे, श्वासाकडे. बाळ शांत असताना पोट-छाती उघडी करून पुरे एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक, असा आकडा आल्यास न्यूमोनियाची शंका घ्यावी. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर ती अधिक गंभीर खूण होय. यालाच काही भागांत 'डबा' म्हणत आणि पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देत. ही अघोरी प्रथा अजून समूळ गेलेली नाही. या बाबतीत गडचिरोलीतील डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांचे काम प्रत्येक आईबापाने माहीत करून घ्यावे असे आहे. अंक मोजता न येणाऱ्या दाईलाही बाळाचा श्वास जलद आहे की नाही हे कळावे, म्हणून त्यांनी मणी आणि वाळूचे घड्याळ यांचे साधे साधन तयार केले. खेड्यातील स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली, तेव्हा तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण शेकडा ६२ इतके खाली आले, असे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाले. न शिकलेल्या दाईला जे साधले ते घड्याळ बाळगणाऱ्या आईबापांना का साधू नये?

जुलाब हा शेवटचा, पण महत्त्वाने पहिला विषय. जुलाबात मूल दगावते ते शी फार झाल्यामुळे नव्हे, तर अंगातले पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. हे एवढे सोपे तत्त्व अमलात यावयास किती काळ गेला पाहा. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपे भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातलगांना ते पाजावयास सांगितले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या घरातून चाराच्या खाली आले. आतड्याचे अस्तर ग्लुकोजबरोबर मीठ आत ओढते व त्यांच्या मागून पाणी येते, असे हे शास्त्र आहे. म्हणून नुसते पाणी किंवा नुसती साखर चालत नाही. प्रमाण साधावे लागते.

आमच्या धाकट्याला अकराव्या महिन्यात आषाढात जुलाब लागले. घरात आजी होत्या. जुन्या रीतीप्रमाणे 'पोटाला विश्रांती द्या, पाणी तोडा' असे त्या म्हणतील अशी आमची अटकळ होती. त्या काहीच बोलल्या नाहीत. आम्ही पुडी उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात कालविली आणि वाटी-चमच्याने पाजू लागलो, तेव्हा त्या जवळ येऊन बसल्या. १९६१ च्या पावसाळ्यात त्यांचा दुसरा मुलगा हगवणीने गेला होता. वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून दोन दिवस त्याचे पाणी तोडले होते. "तो पाणी मागत होता रे," एवढेच त्या म्हणाल्या, आणि चमचा स्वतःच्या हातात घेतला. रात्रभर पाळी त्यांनीच केली. साठ वर्षांपूर्वीच्या त्या घरात प्रेम कमी नव्हते. साखर होती, मीठ होते, पाणीही होते. तिन्ही एकत्र करण्याचे ज्ञान तेवढे पोहोचले नव्हते.

कृती थोडक्यात अशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी आणावी व तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच सगळी विरघळवावी. पुडीचे अर्धे-अर्धे करू नये. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर चमच्याचमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून अधिक सावकाश पाजावे. चोवीस तासांनी उरलेले फेकून द्यावे. पुडी नसलीच तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून वेळ निभावावी. डब्यांत मिळणारी गोड पेये ही तिची भावंडे नव्हेत. अंगावरचे दूध बंद करू नये, वरचे जेवणही चालू ठेवावे. सोबत डॉक्टरांच्या सांगण्यावरून चौदा दिवस झिंक द्यावे. सहा महिन्यांपर्यंत रोज १० व पुढे २० मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरे करावेत. शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, खचलेली टाळू, कोरडी जीभ, सहा-आठ तास लघवी नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यास सावकाश खाली बसते, यांपैकी काही दिसल्यास घरी थांबू नये.

दातांना मात्र फार आळ सोसावा लागतो. सहाव्या महिन्याच्या सुमारास दात येऊ लागतात आणि त्याच वेळी बाळ रांगू-चाखू लागते. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्तीही ओसरत असते. म्हणून आजार व दात एकाच मुहूर्तावर येतात. दातांनी लाळ गळते, चिडचिड होते. चढा ताप किंवा जुलाब होत नाहीत. 'दातांचे आहे' म्हणून बसून राहण्यात खरा रोग दडून जातो.

घरगुती उपायांचा सरसकट उपहास करणे आम्हांस मान्य नाही. बेंबीभोवती हिंगाचा लेप, हलक्या हाताचे मालीश, मोहरी-मिरच्यांनी दृष्ट काढणे यांनी बाळाचे बिघडत नाही आणि घरातील वडीलधाऱ्या माणसाला आपण उपयोगी पडलो असे समाधान मिळते. पण पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाखेरीज सहाणेवरची गुटीही नको. नाका-कानांत तेल नको, कारण ते श्वासनळीत उतरू शकते. डोळ्यांत काजळ नको. काही काजळांत शिसे सापडले आहे. शेगडीवर ओवा-धुपाची धुरी नको. कापराची पुरचुंडी बाळाच्या हाताशी नको. कापूर पोटात गेल्यास आकडी येते. नाही म्हणताना आवाज चढविण्याचे मात्र कारण नाही. 'डॉक्टरांनी बजावले आहे' या वाक्यात पुष्कळ भांडणे विरतात.

आणि हे सर्व करण्याआधी करावयाची गोष्ट म्हणजे लसी वेळेवर देणे. दीड, अडीच व साडेतीन महिन्यांच्या लसींत डांग्या खोकला, घटसर्प, न्यूमोनियाचे काही प्रकार आणि रोटा विषाणूचे जुलाब यांविरुद्ध संरक्षण असते. नऊ महिन्यांनंतर व पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास गोवर-रुबेलाची लस असते. सरकारी केंद्रांत त्या विनामूल्य मिळतात. लसीनंतर एखादा दिवस ताप येतो. साधे पडसे आहे म्हणून लस पुढे ढकलण्याचे कारण नसते.

शेवटी घरातील व्यवस्थेविषयी. आमच्या घरी एक साधी वही दारामागे टांगलेली असे. तीत ताप किती व केव्हा, औषध कोणते, किती व कोणी दिले, दूध कितीदा, लघवी कितीदा, एवढेच लिहावयाचे. डॉक्टरांसमोर 'काल रात्रीपासून बरे नाही' या वाक्यापेक्षा त्या वहीचे एक पान अधिक कामाचे ठरले. दुसरा लाभ असा की रात्रीची पाळी दोघांत वाटून घेता आली. जागरण आणि काळजी ही दोन्ही आईच्याच वाट्याची, बापाने सकाळी उठून 'कसे आहे?' एवढे विचारावे, ही वहिवाट वहीने मोडली, कारण तीत अक्षर कोणाचे ते लपत नाही.

सारांश एवढाच. मूल खेळते, पिते, हसते, तर पुरळ लाल असो की गुलाबी, थांबावयास हरकत नाही. मूल पीत नाही, उठविले तरी नीट जागे होत नाही, श्वास जलद किंवा ओढून घेते, आकडी येते, सगळे ओकते, लघवी थांबते, काचेखाली न मिटणारे डाग दिसतात, किंवा तीन महिन्यांच्या आत ताप भरतो, तर घड्याळ किती वाजले ते पाहू नये. ही यादी लहान आहे. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस, पॅरासिटामॉलच्या बाटलीसमोर, एका चिठ्ठीवर ती सहज मावते.